घोडा न पाहिलेली लीव्ह

आधी वाळलेल्या गवताचा वास आला. लंडनच्या हॅरो भागातल्या त्या घरात राहायला येऊन आम्हाला तीनच दिवस झाले होते. खोक्यांचा पुठ्ठा, भिंतींचा ताजा रंग आणि रेडिएटरवर वाळत घातलेले लोकरीचे मोजे, एवढ्याच वासांचं ते घर होतं अजून. डिसेंबरातल्या त्या सकाळी इराला शाळेत सोडायला मी जिना उतरू लागले, तर खालून गवत दरवळत वर येत होतं. माझ्या लहानपणी पुणे स्टेशनबाहेर टांगे उभे राहत, तिथे हा वास असे. थोडा गोडसर, थोडा धुळीचा, उन्हात तापलेला. मेट्रोपॉलिटन लाइनच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर, थिजलेल्या हवेत, तो कुठून यावा ते मला कळेना.

जिन्याच्या तळाशी आमच्या आणि खालच्या फ्लॅटच्या सामाईक दाराजवळ बाईचा एक तपकिरी बूट ठेवला होता. चकचकीत पॉलिश केलेला. त्यात गवत ठासून भरलेलं, गवतात एक गाजर उभं खोचलेलं आणि शेजारी साखरेचे दोन खडे.

"आई, इथे घोडा येते?" इराने विचारलं. ती तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिच्या मराठीत सगळेच प्राणी आपापल्या मर्जीने स्त्रीलिंगी किंवा पुल्लिंगी होत.

मी काही बोलायच्या आत खालच्या फ्लॅटचं दार उघडलं. उंच, ताठ, पांढऱ्या केसांची एकच जाड वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली एक वृद्ध बाई दारात उभी होती. तिला आमची भाषा कळणं शक्य नव्हतं. पण बुटाकडे रोखलेलं इराचं बोट तिला पुरलं.

"रात्री येऊन गेला," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "गाजराला तोंड लावलं नाही त्यानं. इंग्लिश गाजरं त्याला चालत नाहीत."

ही लीव्हची आणि माझी पहिली भेट. पूर्ण नाव गोडेलीव्ह. टपालावर मिसेस पार्कर. बेल्जियममध्ये डिसेंबरच्या पाच तारखेच्या रात्री संत निकोलस घोड्यावर बसून घरांच्या छपरांवरून फिरतो, मुलं त्याच्यासाठी बूट मांडतात आणि सकाळी त्या बुटात खाऊ सापडतो, हे त्यांनीच मग आम्हाला सांगितलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. नवरा, इथलाच एक पोस्टमन, जाऊन कैक वर्षं झाली होती. तरी बूट दरवर्षी निघत होता. गवत त्या पेट शॉपमधून आणत, सशांसाठी मिळतं ते.

"संतासाठी मी काही ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "संतांची सोय बघायला सगळे असतात. घोड्याला कोण विचारतं?" आणि इराच्या हातावर त्यांनी दालचिनी-लवंगेच्या वासाचं एक पातळ बिस्कीट ठेवलं. त्याच्यावर दाढीवाला संत उमटवलेला होता. इराने आधी त्याचं डोकं खाल्लं. लीव्हना ते पसंत पडलेलं दिसलं.

त्या सुईण होत्या. एकोणिसाव्या वर्षी नर्सिंग शिकायला इंग्लंडात आल्या आणि उभं आयुष्य या भागातल्या हॉस्पिटलांत बाळंतपणं करण्यात गेलं. त्यांचे हात मला पहिल्यापासून विलक्षण वाटत. मोठे, कोरडे, नखं मुळापर्यंत कापलेली, आणि बर्फ पडत असतानाही उबदार. दुकानातल्या रांगेत उभ्या असताना समोरच्या तिशीतल्या कॅशियरकडे त्या निरखून बघत आणि विचारत, "तुझ्या आईचं नाव हंसा का गं?" नऊ वेळा ते चुकायचं. दहाव्यांदा ती मुलगी काउंटर सोडून बाहेर यायची आणि त्यांच्या गळ्यात पडायची. मी हे एकदा प्रत्यक्ष पाहिलं आहे. घरी परतताना लीव्ह म्हणाल्या, "हिला मी पायाकडून ओढून काढली होती. अजून तशीच आहे, उलटी. बास्केटमध्ये अंडी खाली आणि बटाटे वर ठेवत होती."

मूल जन्मलं की मुलगा की मुलगी हे त्या बापाला लगेच सांगत नसत. बाळ कापडात गुंडाळून त्याच्या हातात देत आणि म्हणत, "आधी चेहरा बघा." तो चेहरा बघे. बघता बघता त्याचे खांदे खाली येत, तोंड अर्धवट उघडं राही, आणि मग त्या सांगत.

"तोवर उशीर झालेला असायचा त्याला," हे सांगताना त्या डोळे बारीक करून हसत.

"आणि तरीही जो गप्प व्हायचा?" मी एकदा विचारलं.

"असायचा की एखादा. गप्प होणं सगळ्या भाषांत सारखंच असतं, मृणाल. त्याला दुभाषी बोलवावा लागत नाही."

ही युक्ती त्यांना कुणी शिकवली, असं मी विचारलं तो दिवस मला लख्ख आठवतो. मार्चमधलं फिकट ऊन त्यांच्या स्वयंपाकघरातल्या मेणकापडावर पडलं होतं. कॉफीत त्या चिकोरी घालत, तिचा जळकट वास हवेत होता. त्यांनी उठून फ्रीजवरचं एक चित्र काढून माझ्यासमोर ठेवलं. काळ्या डोक्याचा, डोक्यावर पिसांचा तुरा असलेला, घराच्या पहिल्या मजल्याएवढा उंच लाकडी घोडा. आणि त्याच्या पाठीवर एकामागे एक बसलेले, चिलखत घातलेले चार मुलगे.

लीव्हचं गाव डेंडरमोंडे. तिथे हा घोडा मिरवतो. त्याचं नाव बेयार्ड. हल्ली दहा वर्षांतून एकदा निघतो; त्यांच्या लहानपणी तर त्याचा असा ठरलेला मेळ नव्हता, मधे कितीही वर्षं जात. कथेतल्या चार भावांच्या जागी गावातले चार खरे भाऊ त्याच्यावर बसवतात, आणि त्यांची अट फार कडक. चारही सख्खे, त्याच गावात जन्मलेले, सातपेक्षा लहान नाहीत, एकविसापेक्षा मोठे नाहीत, आणि पाठोपाठचे. मधे मुलगी जन्मलेली चालत नाही.

"दोन भाऊ," लीव्ह म्हणाल्या, "मग मी, मग दोन भाऊ."

मी चित्राकडे बघत राहिले.

"माझे वडील घोड्याच्या भोयांपैकी होते." अर्थात त्यांनी वापरलेला शब्द वेगळा होता; पण पोटात शिरून खांद्यावर घोडा वाहून नेणारी ती माणसं आपल्या भाषेत भोईच. ती मंडळी ठरलेली असतात, मानाची असतात. "बारा जण आत. आतल्या माणसाला काही दिसत नाही. घाम, काळोख आणि पुढच्याची मान. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, खाली आपण आणि वर आपले चार मुलगे. दोन झाले होते. मग सुईण बाहेर आली आणि तिनं सांगून टाकलं. आईनं मला पुढे सांगितलं, ते टोपी घालून धक्क्यावर कामाला निघून गेले. रविवार होता. धक्का बंद होता." कॉफीत साखर नसतानाही त्या चमचा फिरवत राहिल्या. "त्या बाईनं त्यांना आधी चेहरा दाखवायला हवा होता."

पुढे आणखी दोन मुलगे झाले, तेव्हा प्रत्येक बारशाला गावातलं कुणीतरी हळहळलं म्हणे. लीव्हना कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. वडील त्यांच्याशी नीट बोलत, पण बोलताना त्यांच्याकडे बघत नसत; त्यांच्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीकडे बघत. "मला किती वर्षं वाटायचं, माझ्या मागे कुणीतरी उभं आहे."

लीव्ह चौदा वर्षांच्या असताना घोडा निघाला. मोठा भाऊ अठरा वर्षांचा, धाकटा दहाचा. त्या वर्षी चौघंही वयात बसत होते, आणि घोड्यावर दुसऱ्याच घरचे मुलगे होते. पाचही भावंडं रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ढोल जवळ येऊ लागले. घोडा कोपऱ्यावर वळणार, एवढ्यात मोठ्या भावाने लीव्हच्या दंडाला धरून त्यांना मागे सारलं. रागाने नाही, टेबल भिंतीला सरकवावं तसं. मग ते चौघं खांद्याला खांदा लावून ओळीत उभे राहिले. गावाने बघावं म्हणून.

"मी घोडा पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "मी पाठी पाहिल्या. रविवारच्या इस्त्री केलेल्या चार पाठी. लोक ओरडत होते, म्हणजे घोडा पुढचे पाय उचलत असणार. फक्त योरिसनं, धाकट्यानं, हात मागे करून माझं एक बोट धरलं होतं. घोडा जाईपर्यंत सोडलं नाही."

चौघांपैकी आता तो एकटाच उरला होता. गावातच राहत होता. वडिलांच्या अंत्यविधीला लीव्ह गेल्या होत्या, तेव्हा भावांशी काहीतरी बोलणं झालं. काय ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यानंतर ना पत्र, ना फोन. घोडा तेवढ्या काळात कितीदा तरी निघाला. लीव्ह गेल्या नाहीत. पण पुढच्या वर्षी तो पुन्हा निघणार होता, आणि त्या पंचाहत्तरीला टेकल्या होत्या.

"एकदाच," त्या म्हणाल्या. "त्याच्या शेजारी, पुढच्या ओळीत. मग मला काही नको."

इराला त्या घोड्याची गोष्ट सांगत, पण अर्धीच. आयमन नावाच्या सरदाराचे चार मुलगे, त्यांचा अफाट घोडा बेयार्ड, त्या चौघांचं शार्लमेन राजाशी झालेलं वैर. शेवटी राजा म्हणतो, घोडा मला द्या, तर माफ करीन. घोड्याचा मालक, चौघांतला राइनोट, तो देऊन टाकतो. राजा घोड्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला नदीत लोटतो. घोडा दगड फोडून वर येतो, काठावरच्या धन्याकडे बघतो आणि पोहत निघतो. आणखी दगड बांधतात. पुन्हा वर येतो.

"मग?" इरा विचारी.

"मग चहाची वेळ झाली," लीव्ह म्हणत आणि उठत.

"पण घोडा मेली का?"

"तुझी आई चहात दूध फार घालते, ते आधी थांबवायला हवं."

गावाबद्दल त्या हळवं कधी बोलत नसत. "आमची माणसं घोड्यावर जीव टाकतात आणि घोड्याचं मांसही चवीनं खातात. आमची प्रेमाची रीत तीच." शेजारच्या आल्स्ट गावाबद्दल मात्र त्यांना अजून, साठ वर्षांनंतर, मनापासून तुच्छता होती. तिथले लोक घोड्यावरून आपल्यावर जळतात अशी त्यांची खात्री होती. "ज्यांच्याकडे घोडा नाही त्यांनी काय करावं? कांदे पिकवावेत." मी एकदा बोलता बोलता म्हणून गेले की घोडा तर तुम्हीही पाहिलेला नाही. त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "नाही. पण तो आमचा आहे." त्यातल्या 'आमचा'वर त्यांनी किंचितही जोर दिला नव्हता.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी त्यांना वर बोलावलं. माझा भाऊ सुहास ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो दोन तास उशिरा आला, चार दिवसांची दाढी घेऊन.

"ताई, एम ट्वेन्टीफाइव्ह हायवेचा अक्षरशः कार पार्क झालाय. आधी खायला दे, मग ओवाळ."

"आधी बस. दाढी तरी करायची होतीस. दिव्यानं पेट घेईल."

"बॉसही तेच म्हणतो."

लीव्ह कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताठ बसून बघत होत्या. निरांजनातल्या तुपाचा वास, ताटातली सुपारी, कुंकवाचं बोट सुहासच्या कपाळावर टेकलं तेव्हा त्याने मिटलेले डोळे. सगळं आटोपल्यावर त्यांनी मला विचारलं, "तिनं दिवा धरला की त्यानं समोर बसायलाच हवं?"

"हो."

"आणि तिच्याकडे बघायलाही हवं?"

"हो. निदान ओवाळून होईपर्यंत."

"आणि भाऊ आलाच नाही तर?"

"मग चंद्राला ओवाळतात."

त्यांनी यावर नीट विचार केला. "म्हणजे तुमच्याकडे सोय आहे," त्या म्हणाल्या. सुहास हसला. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी योरिसला पत्र लिहिलं. त्यात माझा हात होता हे कबूल केलं पाहिजे. मीच म्हणाले होते, लिहा. काय होईल फार तर, नाही म्हणेल. ज्या घरात भाऊ वाट वाकडी करून, उपाशीपोटी, बहिणीसमोर पाटावर येऊन बसतो, त्या घरातल्या बाईने दिलेला तो सल्ला होता. नकाराखेरीज आणखी काय येऊ शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं. पत्र छोटं होतं. त्यांनी ते मला इंग्लिशमध्ये वाचून दाखवलं: मी घोड्याच्या दिवशी येणार आहे. तुझ्याकडे उतरणार नाही. फक्त तुझ्या शेजारी उभी राहीन. चालेल का, एवढं कळव.

उत्तर आलं नाही. हिवाळा गेला आणि मग सगळंच बंद झालं. मिरवणूक पुढे ढकलली गेली. आधी एक वर्ष, मग आणखी एक. त्या महिन्यांत आम्ही जिन्यावर भेटत असू. मी वरच्या पायरीवर, त्या तळाशी, मधे अकरा पायऱ्या आणि दोघींच्या हातांत आपापली कॉफी. चिकोरीचा वास तेवढा वर चढून येई. "त्याला विचार करायला दोन वर्षं जास्त मिळाली," त्या म्हणत. "योरिस पहिल्यापासून सावकाश. बोलायलाही उशिरा लागला."

तिथेच एकदा, इरा आत ऑनलाइन शाळेत असताना, त्यांनी मला गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. तिसऱ्यांदा घोडा वर आला तेव्हा राइनोटला ते बघवेना. त्याने तोंड फिरवलं. पाण्यातून डोकं वर काढून घोड्याने काठावर पाहिलं, तर धनी त्याच्याकडे बघत नव्हता. मग तो पोहला नाही.

"दगडांनी काही झालं नव्हतं त्याला," लीव्ह म्हणाल्या. "लोक उगाच दगडांची गोष्ट सांगतात."

त्यांच्या घोट्यांवर सूज दिसू लागली ती त्याच सुमारास. बोलता बोलता वाक्याच्या मधे त्या श्वासासाठी थांबत आणि थांबल्याचं लपवण्यासाठी कपात बघत. हृदय थकत चाललं होतं. औषधांच्या डब्या स्वयंपाकघरात चिकोरीच्या बरणीशेजारी रांगेने उभ्या राहिल्या. डॉक्टर काय म्हणतात विचारलं की उत्तर ठरलेलं: "डॉक्टर पोरगा आहे. बहुतेक मीच काढलेला. त्याला काय कळतंय."

मिरवणुकीला दोन महिने राहिले असताना बेल्जियमहून एक पाकीट आलं. त्या ते हातात धरून, कोट न घालता, जिना चढून वर आल्या, दोनदा थांबून. आत मिरवणुकीचं छापील पत्रक होतं. घोडा, वेळ, रस्त्यांचा नकाशा. बरोबर चिठ्ठी नाही, एक अक्षर नाही. पाकिटावरचा पत्ता मात्र हाताने लिहिलेला होता, आणि ते अक्षर योरिसचं होतं.

"म्हणजे चालेल," लीव्ह म्हणाल्या.

मला तसं वाटलं नाही. न बोलता पाठवलेल्या कागदाचा अर्थ काहीही होऊ शकतो. निमंत्रण, टाळाटाळ, किंवा म्हाताऱ्या माणसाने एका अवघड पत्राची केलेली बोळवण. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी म्हणाले, "हो, म्हणजे चालेल." आजही त्या वाक्यापाशी मी अडखळते.

मग तयारी सुरू झाली. ट्रेनची तिकिटं मी काढली. मी बरोबर जाणार होते. निळा कोट ड्राय क्लीनरकडून आला. बूट, तेच तपकिरी, नव्या टाचा लावून घेतले. भावाला काय न्यावं यावर पंधरा दिवस खल झाला. शेवटी इराने ठरवलं की आलेपाक न्यायचा, कारण आजोबा लोकांना तो आवडतो. लीव्हनी एक वडी तोंडात टाकली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "छान. बोलायला सुरुवात करता आली नाही तर निदान खोकता येईल."

निघायच्या चार दिवस आधी सकाळी त्यांचं दार उघडलं नाही. माझ्याकडच्या किल्लीने मी आत गेले तेव्हा त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, ओठ निळसर, श्वास पाण्यातून आल्यासारखा. अँब्युलन्समध्ये त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मला एकच गोष्ट सांगितली: तिकिटाची तारीख बदलता येते का बघ.

मिरवणूक आम्ही वॉर्डमधून पाहिली. रविवारची दुपार, खिडकीबाहेर लख्ख ऊन, आत सॅनिटायझरचा आणि उकडलेल्या गाजरांचा वास. पलंगावरच्या टेबलावर मी टॅबलेट उभा केला. डेंडरमोंडेहून थेट प्रक्षेपण होतं. आधी ढोल आले, मग झेंडे, मग गर्दीच्या आवाजातच काहीतरी बदललं आणि कोपऱ्यावरून तो काळा माथा वळला, तुरा डोलवत. चित्राने मला त्याच्या आकाराची काहीच कल्पना दिली नव्हती. त्याखालचे भोयांचे पाय एका तालात पडत होते. वरचे चार मुलगे गंभीर होते, सगळ्यांत लहान तर घाबरलेला. घोड्याने पुढचं अंग उचललं आणि गावाने एका कंठाने आरोळी दिली.

मी वळून पाहिलं तर लीव्ह घोडा बघतच नव्हत्या. चष्मा काचेला लागेल इतक्या त्या पुढे झुकल्या होत्या आणि पडद्याच्या कडेकडेने, गर्दीवरून, बोट फिरवत होत्या.

"लीव्ह, घोडा बघा ना. तुमच्या समोर आहे."

"घोडा राहील," त्या म्हणाल्या. "माणसं पुढे जातात."

कितीतरी वेळ त्या तशाच शोधत होत्या. मग बोट थांबलं. "तो."

कॅमेरा जेमतेम तीन सेकंद तिथे होता. पुढच्या ओळीत करड्या टोपीतला एक म्हातारा, हातात काठी. त्याच्या डाव्या बाजूला घडीची एक खुर्ची, रिकामी. तिच्या पाठीवर एक कोट टाकलेला. मग घोड्याची भली मोठी पाठ मधे आली आणि तो दिसेनासा झाला.

"खुर्ची ठेवली आहे," लीव्ह म्हणाल्या. "पाहिलीस ना?"

"पाहिली."

"त्याला कळवलं नव्हतं कुणी. मी येत नाही हे." त्या उशीवर मागे रेलल्या. आरोळ्या चालूच होत्या. "मृणाल, त्यानं जागा धरून ठेवली."

त्यानंतर त्या अकरा दिवस होत्या. फार बोलत नव्हत्या. सूज कमरेपर्यंत चढली होती. एकदा इराला त्यांच्याजवळ नेलं. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पुष्कळ वेळ नुसतं बघितलं. हात तेव्हाही उबदार होते. बाराव्या दिवशी पहाटे वॉर्डमधून फोन आला.

अंत्यविधीचं सगळं माझ्याकडेच आलं, कारण दुसरं कुणी नव्हतं. फ्युनरल डायरेक्टरच्या ऑफिसातली मुलगी फार समंजस होती. छापायच्या पत्रिकेसाठी तिला थोडी माहिती हवी होती. जन्मगाव, आईवडिलांची नावं, भावंडं, मागे कोण. भावंडं पाच, असं मी तिथेच सांगू शकले असते. पण वाटलं, हे घरच्या माणसाने सांगावं. आणि खरं तर मला तो आवाज ऐकायचा होता. खुर्ची ठेवणाऱ्या माणसाचा.

लीव्हच्या वहीत नंबर होता. दुपारी मी त्यांच्याच स्वयंपाकघरात, मेणकापडासमोर बसून फोन लावला. बरणीतून चिकोरीचा वास अजून येत होता. योरिसचं इंग्लिश चांगलं होतं, आवाज खोल, सभ्य. मी कोण ते सांगितलं, मग बातमी सांगितली. पलीकडे कुणीतरी भांडी विसळत असल्याचा आवाज येत होता.

"त्रास झाला का?" त्यांनी विचारलं.

"शेवटी नाही."

"बरं. कळवलंत, आभारी आहे."

"त्यांनी तुम्हाला मिरवणुकीत पाहिलं," मी म्हणाले. "टीव्हीवर. तुमच्या शेजारी खुर्ची होती."

"मला?" ते म्हणाले. "नाही हो. माझे गुडघे गेले आहेत. मी घरीच होतो. खिडकीतून ढोल ऐकले."

माझ्यापुढे मेणकापडावर लीव्हच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलेलं होतं. मी त्यावर बोट ठेवलं. पत्रकाबद्दल विचारावं असं वाटलं; विचारलं नाही. येणार का, तेही विचारलं नाही, कारण त्यांनी दिवस विचारला नव्हता.

"एकच माहिती हवी होती," मी म्हणाले. "पत्रिकेत छापायला. तुम्ही एकूण किती भावंडं?"

त्यांना आठवावं लागलं नाही. आवाजात कडवटपणा नव्हता, घाई नव्हती. घराचा नंबर सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

"चार."